मोल्डिंगच्या मशीनवर नवा माणूस उभा करण्याआधी: सेफ्टी ट्रेनिंग नक्की कसं द्यायचं

चाकण घ्या, वाळूज घ्या, अंबड नाहीतर वसईचे गाळे घ्या, प्लास्टिकच्या कंपनीत सेफ्टी ट्रेनिंग म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो. ठेकेदाराची गाडी सकाळी सात-आठ पोरं गेटवर सोडून जाते, एचआरवाला त्यांना कॅन्टीनमध्ये बसवतो, भिंतीवर इंग्रजी पीपीटी फिरते, शेवटी रजिस्टरवर सह्या होतात आणि अर्ध्या तासात पोरं मशीनवर. त्यातल्या निम्म्यांनी इंजेक्शन मोल्डिंग मशीन (प्लास्टिकचा दाणा बॅरलमध्ये वितळवून स्क्रूने साच्यात दाबणारं मशीन) आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं असतं, आणि पीपीटीमध्ये त्या मशीनचा एक फोटोसुद्धा नसतो.

हे लिहितोय ते सुपरवायझर, शिफ्ट इन्चार्ज, मोल्ड सेटर (मशीनवर साचा चढवून सेट करणारा) आणि छोट्या युनिटच्या मालकांसाठी. वेगळा सेफ्टी ऑफिसर ठेवायची सक्ती मोठ्या कारखान्यांना असते, वीस-तीस माणसांच्या युनिटमध्ये हे काम तुमच्याच गळ्यात पडतं. आणि खरं सांगायचं तर ते तुम्हीच चांगलं करू शकता, कारण मशीन तुम्हाला माहितीये.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रेनिंगमध्ये दोनच प्रश्न असतात: या मशीनवर माणसाचा हात कुठे कुठे जातो, आणि तिथे गेल्यावर त्याला वाचवणारी गोष्ट कोणती. ती गोष्ट कामगाराने स्वतःच्या हाताने तपासून बघितली तर ट्रेनिंग झालं, नुसती ऐकली तर झालं नाही.

आधी तुम्ही उभे राहा

कोणाला शिकवायच्या आधी एक-दोन तास मशीनच्या बाजूला नुसते उभे राहा. काही बोलू नका, चांगल्या ऑपरेटरकडे बघत राहा आणि त्याचा हात कुठे जातो ते लिहून काढा. पार्ट काढायला पुढच्या दरवाजातून जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्प्रू (साच्याच्या तोंडात गोठलेली प्लास्टिकची दांडी) अडकला की तो ब्रासचा रॉड घेऊन आत वाकतो, मध्येच सिलिकॉन स्प्रे मारायला हात घालतो, पडलेला पार्ट मागच्या दरवाजातून ओढून काढतो, नोझलवरची (बॅरलच्या पुढच्या तोंडावरची) प्लास्टिकची तार चिमट्याने नाहीतर सरळ बोटाने तोडतो. पार्ट पडायची चूट जाम झाली की खालून वर हात घालतो, आणि हे चूटचं प्रकरण फार लोक विसरतात, कारण तिथे दरवाजा नसतो आणि छोट्या मशीनवर खालून हात सरळ साच्यापर्यंत पोचतो. वर हॉपरमध्ये दाणा अडकला की स्टूलवर चढून काठीने ढोसतो. रनर (पार्टसोबत निघणारा टाकाऊ प्लास्टिकचा भाग) घेऊन ग्राइंडरकडे, म्हणजे टाकाऊ प्लास्टिक बारीक करायच्या मशीनकडे, जातो.

ही यादी म्हणजे तुमचा सिलॅबस. प्रत्येक मशीनची थोडी वेगळी निघेल, साच्यात इन्सर्ट (पार्टमध्ये बसवायचा तुकडा) ठेवायचं काम असलेल्या मशीनवर तर दर शॉटला हात आत जातो, तिथे जास्त वेळ द्यावा लागतो.

ताकद किती आहे ते समजू द्या

मशीन १५० टनाचं आहे म्हणजे काय हे हेल्परला कोणी सांगतच नाही. तो समजतो मशीनचं वजन १५० टन. त्याला सांगा, साचा बंद झाला की त्याच्या दोन बाजू १५० टन ताकदीने एकमेकांवर दाबून धरलेल्या असतात, प्लास्टिक आत घुसलं तरी साचा उघडू नये म्हणून.

इथेच एक गैरसमज काढून टाका. लो प्रेशर मोल्ड प्रोटेक्शन नावाची सेटिंग असते, साच्यात पार्ट अडकला तर मशीन थांबतं किंवा परत उघडतं. जुने ऑपरेटर नव्या पोराला छाती ठोकून सांगतात, अरे हात अडकला तरी उघडेल ते, घाबरतो कशाला. ती सेटिंग साचा वाचवायला आहे. ती किती नाजूक ठेवायची हे मोल्ड सेटर ठरवतो, सायकल टाइम (एका शॉटला लागणारा वेळ) कमी करायच्या नादात ती ढिली पण करून ठेवलेली असते, आणि बोट हे कडक प्लास्टिकपेक्षा मऊ असतं. तिच्या भरवशावर हात ठेवायचा नाही, विषय संपला.

शिफ्टच्या सुरुवातीला दरवाजाची टेस्ट

सगळ्या ट्रेनिंगमधला हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, त्यामुळे जरा लांबणार आहे.

हायड्रॉलिक मशीनच्या पुढच्या दरवाजाला साधारण तीन प्रकारचं संरक्षण असतं. एक इलेक्ट्रिकल, म्हणजे लिमिट स्विच, दरवाजा सरकला की कंट्रोलरला कळतं आणि साचा बंद व्हायची कमांड कटते. दुसरं हायड्रॉलिक, दरवाजासोबत एक व्हॉल्व्ह दाबला जातो नाहीतर सुटतो आणि तेलाचा रस्ताच बंद होतो. तिसरं मेकॅनिकल, ते डोळ्याने दिसतं: प्लेटनला (साच्याचा अर्धा भाग बसवलेल्या सरकत्या प्लेटला) जोडलेला एक जाड, खाचा असलेला रॉड असतो, दरवाजा उघडला की वरून एक लोखंडी लॅच त्या खाचेत पडतो, याला ड्रॉप बार म्हणतात, काही ठिकाणी नुसतं सेफ्टी रॉड म्हणतात. वीज फसली, व्हॉल्व्ह फसला, तरी हा लोखंडाचा तुकडा प्लेटनला पुढे जाऊ देत नाही. नव्या ऑल-इलेक्ट्रिक मशीनवर हा बार नसूही शकतो, तिथे मशीनचं मॅन्युअल काढून काय दिलंय ते बघा.

आता टेस्ट. मशीन मॅन्युअल किंवा सेटिंग मोडवर घ्या, स्पीड कमी, साच्याच्या जवळपास कोणाचाही हात नाही, दुसरा माणूस मागच्या बाजूला नाही हे बघून घ्या. साचा बंद व्हायला लागला की दरवाजा थोडा उघडा. साचा जागच्या जागी थांबला पाहिजे, दरवाजा पूर्ण उघडेपर्यंत वाट बघायला लागत असेल तर स्विचची पोझिशन चुकलीये. मग दरवाजा उघडाच ठेवून साचा बंद करायचं बटण दाबा, काहीही हलता कामा नये. इजेक्टर (पार्ट बाहेर ढकलणारा भाग) आणि कोअर (साच्यातला सरकता भाग) पण बघा, कारण काही मशीनवर सेटिंगसाठी ते दरवाजा उघडा असताना हलवता येतात, आणि तुमच्या मशीनवर तसं असेल तर ऑपरेटरला ते माहीत हवंच. तिसरं, मागचा दरवाजा. तो उघडला की बहुतेक मशीनचा पंप बंद होतो, तुमच्याकडे होतो का? चौथं, नोझलवरचं पर्ज गार्ड (पर्ज म्हणजे बॅरलमधलं प्लास्टिक नोझलमधून बाहेर सोडणं, ते अंगावर उडू नये म्हणून लावलेलं झाकण) उघडून इंजेक्शनचं बटण, काही व्हायला नको. पाचवं, इमर्जन्सीचं लाल बटण दाबा, मोटार बंद झाली पाहिजे, आणि बटण फिरवून सोडलं की मशीन आपोआप चालू होता कामा नये.

शेवटी ड्रॉप बारकडे नुसतं बघायचं नाही तर दरवाजा उघड-बंद करून लॅच खरंच खाचेत पडतोय का ते बघायचं. काही जुन्या मशीनवर हा रॉड साच्याच्या उंचीप्रमाणे सेट करावा लागतो, साचा बदलला आणि रॉड तसाच राहिला तर तो असून नसल्यासारखा. म्हणून ही टेस्ट शिफ्टच्या सुरुवातीला आणि दर मोल्ड चेंजनंतर, दोन्ही वेळा.

सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी तुम्ही करून दाखवा, दुसऱ्या दिवशी पोराला करायला लावा आणि तुम्ही बघा. त्याला विचारा, आता हे थांबलं नाही तर तू काय करशील? उत्तर एकच असतं: मशीन चालू करणार नाही, सुपरवायझरला बोलवणार. हे उत्तर तो न घाबरता देऊ शकतो का, तुमच्याकडे बघत बघत देतो का, यावरून तुमच्या कंपनीचं वातावरण कळतं. नाईट शिफ्टला मशीन बंद ठेवलं म्हणून सकाळी शिव्या बसणार असतील तर ती टेस्ट कोणी करणार नाही, टिक मारून मोकळा होईल.

मोठ्या मशीनचं वेगळं. जिथे माणूस दरवाजा आणि साच्याच्या मध्ये उभा राहू शकतो तिथे दरवाजा उघडा आहे एवढ्यावर भागत नाही, कारण आत कोणी असताना बाहेरचा दरवाजा बंद करू शकतो. अशा मशीनवर आतल्या बाजूला इमर्जन्सी बटण, पायाखाली प्रेशर मॅट किंवा सेन्सर असतो. नव्या माणसाला ते चालताना दाखवा, आणि आत जाताना दरवाजा परत सरकणार नाही असा अडकवायची सवय लावा.

जुगाड कसा ओळखायचा

लिमिट स्विचला केबल टाय. मॅग्नेटिक स्विचवर चिकटवलेला लोहचुंबक. चावीसारखी पट्टी लागणाऱ्या स्विचमध्ये कायमची घातलेली जास्तीची पट्टी. ड्रॉप बारचा लॅच बायंडिंग वायरने वर बांधलेला. पॅनेलच्या आत टाकलेला जंपर (स्विचला वळसा घालणारी वायर), हा सगळ्यात वाईट कारण बाहेरून दिसतच नाही, फक्त दरवाजाच्या टेस्टमध्येच सापडतो.

हे फोटो काढून ट्रेनिंगमध्ये दाखवा, स्वतःच्या शॉपमधलेच काढा, चेहरे नकोत. आणि जुगाड कोणी केला यावर भांडत बसण्यापेक्षा का केला ते विचारा. बहुतेक वेळा दरवाजाचा रोलर जाम असतो, दरवाजा जड चालतो, दर शॉटला ओढून खांदा दुखतो, किंवा स्विच ढिला होऊन उगाच अलार्म येतो आणि सायकल टाइम पुढे जातो. शे-दोनशे रुपयांचा रोलर बदलला की जुगाडाची गरजच उरत नाही. मेंटेनन्सवाल्यालाच ट्रेनिंगमध्ये बसवा, नाहीतर ऑपरेटर शिकून जातो आणि रात्री मेंटेनन्सवालाच वायर बांधून देतो.

गरम प्लास्टिक आणि पर्ज

बॅरलमध्ये पीपी (पॉलीप्रोपिलीन) साधारण २०० ते २४० डिग्रीला असतं, नायलॉन ६६ २७० ते २९० च्या आसपास, पॉलीकार्बोनेट ३०० पर्यंत जातं. उकळतं पाणी १०० ला असतं एवढं सांगितलं की पोरांना अंदाज येतो. पाणी सांडलं की ओघळून जातं, वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटून बसतं आणि भाजतच राहतं.

पर्ज करताना नियम हा की गार्ड बंद, चेहऱ्यावर पूर्ण फेस शील्ड (नुसता गॉगल पुरत नाही), पूर्ण बाहीचा सुती शर्ट, उष्णतेचे हातमोजे, आणि उभं राहायचं नोझलच्या बाजूला, समोर कधीच नाही. दाणा ओला असेल तर, नायलॉन आणि पॉलीकार्बोनेटमध्ये हे फार होतं, आत वाफ तयार होते आणि पर्ज फटाफट उडतो. त्यामुळे ड्रायर नीट चालला की नाही हा क्वालिटीचा मुद्दा आहे तेवढाच सेफ्टीचा पण आहे.

पर्जचा गोळा वरून पांढरा, कडक दिसतो आणि आतून बराच वेळ वितळलेलाच असतो. नवा हेल्पर तो पायाने ढकलतो, हातात घेतो, सरळ कचऱ्याच्या प्लास्टिक पिशवीत टाकतो. गोळे लोखंडी ट्रेमध्ये ठेवायचे, शक्यतो पसरवून, आणि ट्रे कुठे ठेवायचा ती जागा ठरलेली हवी.

नोझल चोक झालं तर घाई नको. पुढे प्लास्टिक गोठलंय, मागे स्क्रूने प्रेशर धरलंय, आणि कोणीतरी गॅसचा बर्नर घेऊन नोझल तापवायला येतो, मग तो गोठलेला तुकडा गोळीसारखा सुटतो आणि मागून वितळलेलं प्लास्टिक. आधी स्क्रू मागे घेऊन प्रेशर सोडायचं, नोझलचा हीटर बघायचा, समोरची जागा मोकळी ठेवायची. बॅरलमध्ये मटेरियल जास्त वेळ तापत राहिलं तर गॅस होतो आणि तो हॉपरच्या बाजूने पण उसळू शकतो, म्हणून हॉपरमध्ये डोकं घालून बघायचं नाही. हे काम मोल्ड सेटरचं, हेल्परने फक्त बाजूला व्हायचं. "बाजूला हो" हे पण ट्रेनिंगच आहे.

आणि पीव्हीसी आणि ॲसिटाल (पीओएम) हे दोन एका बॅरलमध्ये कधी भेटू द्यायचे नाहीत. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं, त्या ॲसिडने ॲसिटाल फार जोरात फुटतं आणि फॉर्माल्डिहाइड गॅस निघतो, बॅरलमधलं प्रेशर अचानक वाढतं. शक्यतो दोघांना मशीनच वेगवेगळं द्या, नसेल जमत तर मध्ये पीपी किंवा पीईने (पॉलीइथिलीनने) भरपूर पर्ज करून बॅरल स्वच्छ झाल्याची खात्री करा. ग्राइंड केलेल्या मालात पण मिसळ होते हे लक्षात ठेवा, पोत्यांवर नाव लिहिलेलं नसेल तर ते पोतं मशीनवर जाऊ देऊ नका. डोळे चुरचुरायला लागले, नाकात तिखट वास गेला, की सगळ्यांनी लांब व्हायचं, नोझल आणि हॉपरपासून तर आधी, हीटर बंद आणि हवा खेळती करायची. कोणी हिरोगिरी करायची नाही.

जेवणाच्या सुट्टीत किंवा लाईट गेल्यावर पीव्हीसी बॅरलमध्ये तापत ठेवायचं नाही हे वेगळं सांगावं लागतं, कारण सुट्टी झाली की सगळे पळतात.

ग्राइंडर

मोल्डिंग मशीनला सगळे थोडेफार घाबरतात, ग्राइंडरला कोणी घाबरत नाही. कोपऱ्यात असतो, सगळ्यात नवा आणि स्वस्त हेल्पर त्यावर असतो, आवाज एवढा की काही सांगितलेलं ऐकू येत नाही. मला विचाराल तर ट्रेनिंगची सुरुवातच इथून करावी.

स्विच बंद केला तरी रोटर (ब्लेड लावलेला फिरता भाग) लगेच थांबत नाही, जड असतो, फिरत राहतो. जाम झाला की हेल्पर बंद करतो, झाकण उघडतो आणि हात घालतो. म्हणून झाकणाला आणि खालच्या जाळीला इंटरलॉक (उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) हवा, आणि बंद केल्यावर रोटर पूर्ण थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून एकदा मोजा आणि ग्राइंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोठा लोंदा किंवा पर्जचा गोळा सरळ टाकायचा नाही, आधी तोडायचा. ढकलायला लाकडी काठी, हात नाही. हॉपरच्या तोंडाला रबरी पडदे असतात, उडालेला तुकडा डोळ्यात येऊ नये म्हणून, ते फाटले की लोक काढून टाकतात. बदला.

ब्लेड बदलताना अजून एक गोष्ट होते जी ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात. वीज पूर्ण बंद, लॉक लावलेलं, सगळं बरोबर. एक जण आत बोल्ट सोडतोय आणि दुसरा बाहेरून, पुढचं ब्लेड वर यावं म्हणून, पुलीला हाताने हलका धक्का देतो. रोटर एवढा वजनदार आणि ब्लेड एवढी धारदार की तेवढ्या फिरण्यात आतल्याचं बोट जातं. म्हणून ब्लेडचं काम करताना रोटरमध्ये लाकडी ठोकळा अडकवायचा, आणि पुलीला हात लावायच्या आधी आतल्याने हात बाहेर काढून दाखवायचे, बोलून नाही, दाखवून. आवाजासाठी कानात प्लग, आणि ग्राइंडर शक्य असेल तर बंद खोलीत.

लॉक लावायचं म्हणजे काय

साच्यात घुसायचं असेल, पॅनेल उघडायचं असेल, ग्राइंडरचं पोट उघडायचं असेल, तर इमर्जन्सी दाबून भागत नाही. इमर्जन्सीने मोटार थांबते, पण पॅनेलमध्ये सप्लाय राहतो, बऱ्याच मशीनवर हीटर चालूच असतात, आणि ॲक्युम्युलेटर असेल तर त्यात नायट्रोजनच्या दाबाखाली तेल भरलेलं असतं जे मोटार नसताना पण सिलिंडर हलवू शकतं. मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. तीन जण काम करत असतील तर तीन कुलपं. ॲक्युम्युलेटरचं प्रेशर सोडा, गेज शून्यावर आला का बघा, हवेच्या लाइनचा कॉक बंद करून लाइन रिकामी करा. आणि मग परत जाऊन स्टार्टचं बटण दाबा. हे शेवटचं पाऊल सगळे विसरतात. चुकीच्या मशीनचा आयसोलेटर बंद केलाय हे त्यातच सापडतं, विशेषतः जिथे पॅनेलवरचे नंबर पुसून गेलेत.

ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. शिफ्ट संपली आणि तो घरी गेला तर त्याला फोन करून बोलवायचं किंवा खात्री करूनच काढायचं, कटरने कुलूप कापून मशीन चालू करायचं नाही.

हायड्रॉलिकचा पाइप गळत असेल तर हात फिरवून बघायचं नाही हे पण इथेच सांगून टाका. बारीक छिद्रातून दाबाने निघालेलं तेल कातडीच्या आत घुसतं, बाहेर सुई टोचल्याएवढं दिसतं, दुखत पण नाही सुरुवातीला, पण ते थेट ऑपरेशनचं प्रकरण असतं आणि उशीर झाला तर बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, डाग दिसेल.

साचा उचलणं, कपडे, जमीन

साचा उचलायचं काम ठरलेल्या लोकांनीच करायचं. साच्यावर वजन रंगवलेलं हवं, आय बोल्ट (उचलायची कडी असलेला बोल्ट) पूर्ण बसलेला हवा, दोन्ही अर्धे पट्टीने बांधलेले हवेत म्हणजे हवेत उघडणार नाहीत. दोन पायांची स्लिंग जास्त फाकवली की तिच्यावर ताण वाढतो, दोन पायांत १२० डिग्रीचा कोन झाला तर प्रत्येक पायावर पूर्ण साच्याएवढा भार येतो. क्रेन आणि चेन पुली ब्लॉकची वर्षातून एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनिसाकडून) तपासणी ही कायद्याची गोष्ट आहे, तारीख हुकवर लिहा. लटकत्या साच्याखाली कोणी नाही, फोटो काढायला पण नाही.

कपड्यांचं बोलायला लोक लाजतात. गळ्यात गमछा, मोकळी ओढणी, हातात कडं, अंगठी, मनगटावर राखी नाहीतर गंडादोरा. एक्स्ट्रुडरच्या हॉल-ऑफ रोलरला (माल ओढून घेणाऱ्या), फिल्म प्लांटच्या निप रोलरला (फिल्म दाबून धरणाऱ्या जोडीला), ग्राइंडरच्या बेल्टला यातलं काहीही पुरतं. श्रद्धेचा दोरा काढ असं म्हटलं की माणूस दुखावतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, सगळ्यांना सारखा नियम सांगा: दोरा गळ्यात शर्टच्या आत किंवा खिशात. ताईंना मंगळसूत्र ड्रेसच्या आत, केस टोपीत. आणि हातमोजे सगळीकडे चांगले नसतात, गरम पार्ट काढताना घाला, फिरत्या रोलरजवळ घालू नका कारण रोलर मोजा पकडतो आणि मोज्यासोबत हात जातो.

जमिनीवर सांडलेला दाणा लगेच झाडा. त्यावर घसरून माणूस पडतो, आणि पडताना हात जिथे आधार सापडेल तिथे जातो.

शिकवायचं कसं

भाषा बघा आधी. लाइनवर मराठवाड्यातली पोरं आहेत, बिहार-यूपीची आहेत, ओडिशाची आहेत. मराठी आणि हिंदी दोन्हीत बोला, जो त्यांच्यातला जुना आहे त्याला बोलायला लावा, तो जे दोन वाक्यांत सांगतो ते तुमच्या वीस स्लाइडमध्ये नसतं. कळलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "करून दाखव" म्हणा. इमर्जन्सी कुठे आहे, डोळ्यांनी न शोधता हात तिथे गेला पाहिजे. दोन्ही बाजूंची इमर्जन्सी, मागची पण.

पहिल्या दिवशी नवा माणूस मशीनला हात लावणार नाही, फक्त पॅकिंग आणि बघणं. नंतर जोडीला एक जुना, आणि जुना कोण ते नावाने ठरवा, "सगळे बघतील" म्हणजे कोणी बघत नाही. एकट्याला मशीन देण्याआधी दरवाजाची टेस्ट, अडकलेला पार्ट काढायची पद्धत (मॅन्युअलवर घे, दरवाजा उघड, ड्रॉप बार बघ, मगच रॉड घाल) आणि इमर्जन्सी, हे तीन त्याने न विचारता करून दाखवले पाहिजेत.

एकदा शिकवलं म्हणजे झालं असंही नसतं. होळीला, गणपतीत, पेरणीला गावी जाऊन महिनाभराने आलेला माणूस, दुसऱ्या मशीनवर टाकलेला माणूस, मोठी दुरुस्ती झालेलं मशीन, नवा साचा, या प्रत्येक वेळी मशीनवर उभं राहून दहा मिनिटं. ठेकेदाराने शिफ्टच्या मध्ये पाठवलेला बदली माणूस सगळ्यात धोक्याचा, त्याला त्या दिवशी पॅकिंगवरच ठेवा, प्रॉडक्शनवाल्याने कितीही तोंड वाकडं केलं तरी.

काही झालंच तर

वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटलं तर ओढून काढायचं नाही, कातडी सोबत निघते. साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, अंगठी-कडं सूज यायच्या आत काढा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही, स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरकडे. मोल्डिंग शॉपजवळ चालू नळ हवा, ऑफिसच्या बाथरूममध्ये नाही.

हात साच्यात अडकला तर इमर्जन्सी दाबा आणि मोल्ड सेटरला बोलवा, घाबरून कुठलंही बटण दाबू नका, इजेक्टर किंवा साइड कोअर हलला तर दुखापत दुप्पट होते. इमर्जन्सीनंतर साचा सुरक्षित कसा उघडायचा हे प्रत्येक शिफ्टमधल्या निदान दोघांना येत असलं पाहिजे, त्याची वेगळी प्रॅक्टिस घ्या. बोट तुटलंच तर रक्त थांबवायला जखम घट्ट दाबून धरा, तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा, बोट सरळ बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं. १०८ ला फोन, आणि बोट जोडणारा सर्जन जवळ कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे हे आजच विचारून ठेवा, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) डिस्पेन्सरीतून फिरत फिरत जाण्यात वेळ जातो.

कायदा आणि रजिस्टर

१९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम २१ मशीनला कुंपण घालायचं होतं, आणि कलम १११-ए मध्ये सेफ्टीचं ट्रेनिंग हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या ओएसएच कोडने (कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांचा कायदा) घेतली. गार्ड लावायची आणि शिकवायची जबाबदारी मालकाचीच राहिली, आणि गार्ड मुद्दाम काढायचा नाही ही कामगाराची. अडचण असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस जिल्ह्यात नाहीतर विभागात असतं, बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे, सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथले कोर्स सुपरवायझरला पाठवायला चांगले.

रजिस्टर साधं ठेवा. तारीख, मशीन नंबर, कोणाला काय करून दाखवायला लावलं, काय सापडलं, कोणी दुरुस्त केलं. "सेफ्टी ट्रेनिंग दिले" एवढंच लिहिलेली ओळ कोणाच्याच कामाची नाही, तुमच्या पण नाही आणि इन्स्पेक्टर आला तर त्याच्या पण नाही. आणि महिनाभराच्या दरवाजा टेस्टच्या पानावर सगळीकडे ओके, ओके, ओके असेल, एकही रोलर जाम नाही, एकही स्विच ढिला नाही, तर पेन खाली ठेवून त्या मशीनवर स्वतः जा आणि दरवाजा उघडून बघा.